कृतज्ञता आणि कुरकूर : यहुदी धर्मशिकवण व कोकणातील बेने इस्राएल समाज

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये बनी इस्राईलला उद्देशून एक आठवण पुनःपुन्हा दिलेली आहे. अल्लाहने तुमच्यावर केलेली कृपा स्मरा, असा तिचा आशय आहे. याच सूरहच्या 61 व्या आयतीत हजरत मूसांचे लोक एकाच प्रकारच्या अन्नाला कंटाळतात आणि भाजीपाला, काकडी, मसूर, कांदा अशा जमिनीतून उगवणाऱ्या वस्तूंची मागणी करतात. वर्गात हा प्रसंग सांगताना बहुधा 'नाशुक्री कौम' असा शेरा मारला जातो आणि पाठ पुढे सरकतो. हा शेरा ज्यांच्याविषयी मारला जातो, ते लोक हाच प्रसंग स्वतः कसा वाचतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तौरातमध्ये तो अधिक विस्ताराने आला आहे आणि यहुदी लोक दरवर्षी तो आपल्या प्रार्थनामंदिरात मोठ्याने वाचतात. पूर्वजांच्या कुरकुरीची इतकी बारकाईने नोंद ठेवून ती स्वतःच्या मुलांना ऐकवणाऱ्या परंपरेचे या विषयावरील म्हणणे समजून घेणे अध्यापकांना उपयुक्त ठरेल. मराठी वाचकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल हा समाज कित्येक शतके मराठी बोलत आणि यहुदी धर्म पाळत आला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'यहुदी' हा शब्द यहूदा या नावावरून आला. हजरत याकूब यांची पत्नी लेआ हिला चौथा मुलगा झाला, तेव्हा आता आपण ईश्वराचे आभार मानू असे म्हणून तिने त्याचे नाव यहूदा ठेवले, असे उत्पत्ती या ग्रंथाच्या 29 व्या अध्यायात आहे. ज्या क्रियापदाशी हे नाव तेथे जोडले आहे त्याचे हिब्रूत दोन अर्थ होतात : आभार मानणे आणि कबूल करणे. गुन्ह्याची कबुली आणि उपकाराची कबुली यांना एकच शब्द आहे. आभार मानणारा माणूस 'हे माझे एकट्याचे नव्हे, दुसऱ्याकडून आले' असे मान्य करीत असतो. रब्बींच्या भाषेत कृतज्ञतेला 'हकारत हतोव' म्हणजे चांगल्याची ओळख म्हणतात. उपकार आधी ओळखावा लागतो, भावना नंतर येते. अरबी भाषेतही कुफ्र या शब्दाच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे आणि शुक्राच्या विरुद्ध टोकाला तोच शब्द वापरला जातो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

ही ओळख टिकावी म्हणून यहुदी धर्माने ती दिनक्रमात बांधून टाकली. सकाळी जाग येताच पहिले वाक्य आभाराचे असते. भाकरी, फळ, पाणी, नवे कपडे, इंद्रधनुष्य, विजेचा कडकडाट अशा प्रत्येकासाठी वेगळी स्तुतिवचने ठरलेली आहेत. तलमूदमध्ये रब्बी मेईर यांचे मत नोंदले आहे की, माणसाने रोज अशी 100 वचने उच्चारली पाहिजेत. जेवणानंतरची प्रार्थना तर तौरातच्या आज्ञेवरच आधारलेली आहे, आणि ती पोट भरल्यावर म्हणावयाची असते. भुकेल्या माणसाला ईश्वर आठवतो. विसर पडतो तो जेवण झाल्यावर, हे मानवी स्वभावाचे निरीक्षण त्यामागे आहे. वाईट बातमी ऐकल्यावरही एक वचन म्हणावे लागते. त्यात आनंदाचा आव आणावयाचा नसतो. ईश्वर खरा न्यायाधीश आहे एवढेच त्यात मान्य करावयाचे असते. सब्र आणि शुक्र यांची जी जोडी मुस्लिम वाचकाला परिचित आहे, तिच्या फार जवळ जाणारी ही शिकवण आहे.

माणसांच्या उपकारांचे काय? रब्बींच्या कथांत मोशे, म्हणजे हजरत मूसा, नाईल नदीवर स्वतःच्या हाताने काठी मारीत नाहीत. पाण्याचे रक्त करण्याचे काम त्यांचे बंधू अहरोन म्हणजे हजरत हारून करतात. तान्हेपणी टोपलीत ठेवलेल्या मोशेंना त्या नदीने सांभाळले होते, हे त्याचे कारण दिले आहे. ज्या विहिरीचे पाणी प्यालात तिच्यात दगड टाकू नये, अशी तलमूदमध्ये एक म्हणही आहे. नदीला आणि विहिरीला काही कळत नाही, हे रब्बींना ठाऊक होतेच; पण दगड टाकणाऱ्याच्या हाताला सवय लागते. जो शेजाऱ्याचा उपकार नाकारतो तो पुढे निर्माणकर्त्याचाही नाकारतो, असे त्यांचे म्हणणे होते. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचे आभार मानीत नाही, या आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. दोन्ही परंपरा येथे जवळजवळ एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात.

आता वाळवंटातील कुरकुरीकडे वळू. मिसरमधून सुटून समुद्रापाशी पोहोचताच लोकांनी मोशेंना विचारले की, मिसरमध्ये थडगी नव्हती म्हणून मरायला येथे आणले काय. समुद्र ओलांडल्यावर तीन दिवसांत पाणी कडू लागले म्हणून तक्रार झाली. मग अन्न नाही म्हणून, मग पुन्हा पाणी नाही म्हणून. पूर्वजांनी वाळवंटात 10 वेळा ईश्वराची परीक्षा पाहिली, असा हिशेब मिश्नामध्ये केला आहे. त्यांतील सर्वांत बोलका प्रसंग गणना या ग्रंथाच्या 11 व्या अध्यायात आहे. आकाशातून मन्ना मिळत असताना लोक रडू लागले. मिसरमध्ये फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण त्यांना आठवले. ज्या देशात त्यांच्या पाठीवर चाबूक ओढले गेले, मुलगे नदीत फेकले गेले, त्या देशाची त्यांना राहिलेली आठवण म्हणजे लसणाची चव! तेथील मासळी 'फुकट' होती हा शब्द भाष्यकारांना विशेष टोचला आहे. गुलामाला विटा पाडण्यासाठी पेंढासुद्धा दिला जात नव्हता, तेथे मासे फुकट कोण देणार, असा त्यांचा प्रश्न आहे.

अकराव्या शतकातील फ्रान्समधील भाष्यकार राशी यांनी याच अध्यायाच्या पहिल्या ओळीतील एका शब्दावर बोट ठेवले. कुरकुर करणारे या अर्थाचा तो हिब्रू शब्द निमित्त शोधण्याच्या अर्थाशी जोडून, या लोकांना दूर जाण्यासाठी सबब हवी होती, असे राशी सांगतात. म्हणजे मांस हा मुद्दाच नव्हता. मांस मिळाले असते तर दुसरी वस्तू कमी पडली असती. कुरकुरीची ही पहिली खूण म्हणता येईल : मागणी पूर्ण झाल्याने ती शमत नाही. दुसरी खूण म्हणजे मागचा काळ रंगवून सांगणे. मिळालेले झाकण्यासाठी गमावलेले फुगवावे लागते.

परंतु याच अध्यायात पुढे जे घडते ते अनेकदा सांगावयाचे राहून जाते. लोकांचे रडणे ऐकून मोशे स्वतः ईश्वराकडे तक्रार करतात, आणि ती साधीसुधी नाही. या लोकांना मी जन्म दिला काय, दाईने तान्ह्याला घ्यावे तसे मी एकट्याने यांना किती वाहू, यापेक्षा मरण बरे, असा तिचा सूर आहे. शब्दांच्या तिखटपणात ती लोकांच्या तक्रारीहून कमी नाही. तिला उत्तर मात्र वेगळे मिळते. भार वाटून घेण्यासाठी 70 वडीलधारी माणसे नेमली जातात. मांसासाठी रडणाऱ्यांवर कोप होतो आणि नेतृत्वाच्या ओझ्याखाली रडणाऱ्याला मदतनीस मिळतात. तक्रार हीच पाप असती तर असे झाले नसते.

त्याच ग्रंथात आणखी दोन तक्रारी मान्य झालेल्या आहेत. काही माणसे प्रेताच्या स्पर्शामुळे अशुद्ध होती म्हणून त्यांना पेसहचा विधी करता येईना. आम्हालाच का वगळता, असे त्यांनी मोशेंना विचारले. त्यांच्यासाठी एका महिन्यानंतर दुसरा पेसह ठरवून देण्यात आला. पुढे सलाफहाद नावाच्या माणसाच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा या पाच मुली पुढे आल्या. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्या नावाचा वाटा बुडावा काय, असा त्यांचा सवाल होता. मुलींचे म्हणणे बरोबर आहे असा निर्णय मिळाला आणि वारशाचा नियम बदलला. दोन्ही ठिकाणी तक्रारीचे हिब्रू क्रियापद एकच आहे, 'आमचे उणे का व्हावे' या अर्थाचे. ही माणसे मागे मिसरकडे पाहत नाहीत. जे सर्वांना दिले जात आहे त्यातला आपला वाटा, आणि पेसहच्या बाबतीत तर आपले कर्तव्यच, ती मागत आहेत. त्याआधी मिसरमधील गुलामांचा आक्रोशही ऐकला गेलाच होता. सुटकेची सारी कथा त्या आक्रोशापासूनच सुरू होते.

हा फरक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्याची तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला 'शिकायला मिळते आहे याचे आभार मान' असे सांगणे सोपे असते. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न लसणाचा आहे की सलाफहादच्या मुलींचा, हे ठरवण्याचे कष्ट त्या उपदेशात वाचतात एवढेच.

यहुदी परंपरेत रडण्याचीही अशीच पारख केली आहे. वचनदत्त देशाची पाहणी करून आलेल्या हेरांचे बोलणे ऐकून लोक रात्रभर रडले. तुम्ही आज विनाकारण रडलात, पुढील पिढ्यांना याच रात्री रडण्याचे कारण मिळेल, असे ईश्वराने ठरवले, हे तलमूदमधील भाष्य आहे. ती रात्र म्हणजे आब महिन्याची नववी. जेरुसलेमचे मंदिर दोन्ही वेळा याच तिथीला पडले असे मानून यहुदी त्या दिवशी उपास करतात. कोकणात या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण त्या काळात वालाचे बिरडे खाण्याची रीत होती.

बेने इस्राएल समाजाची ओळख येथे थोडी विस्ताराने करून देणे आवश्यक आहे. त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुस्तके समुद्रात गेली. कोकणातील गावांत ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून आली. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी जुन्या सणांची जी नावे नोंदवली आहेत ती पाहिली की शेजाराचा प्रभाव स्पष्ट होतो. नव्या धान्याची खीर करून आभार मानण्याच्या दिवसाला 'खिरीचा सण' म्हणत. एका महिन्याच्या उपासांना 'रमजान' म्हटले जाई. आणि झाडांच्या नववर्षाच्या दिवसाचे नाव होते 'एलियाहू हन्नाबीचा उरुस'.

हे एलियाहू नबी म्हणजे कुरआनातील हजरत इलियास. त्यांच्या नावाने बेने इस्राएल जो विधी करतात त्याला 'मलिदा' म्हणतात, आणि यहुदी कृतज्ञतेचे कोकणी रूप पाहावयाचे असेल तर ते येथे आहे. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे घेऊन त्यात खोवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ आणि सुकामेवा मिसळतात. भोवती फळे मांडतात, सुगंधी पाला किंवा गुलाब ठेवतात. हिब्रूत एलियाहूंचे स्तवन होते, तौरातमधील आशीर्वादाचे उतारे म्हटले जातात, मग प्रत्येक वस्तूवर तिचे वेगळे स्तुतिवचन म्हणून ती वाटली जाते. खजूर झाडाचे फळ म्हणून त्याचे वचन वेगळे. केळीचे खोड दरवर्षी मरते, म्हणून ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने झाड नव्हे. केळ्यावर जमिनीच्या फळाचे वचन म्हणतात. लग्न, बाळंतपण, नवे घर, परीक्षेतील यश, आजारातून उठणे, लांबचा प्रवास सुखरूप पार पडणे अशा प्रसंगी मलिदा होतो. नवस बोलला असेल तर तो फेडण्यासाठीही होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूंच्या रथाची व घोड्याची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा असून तेथे जाऊन मलिदा करण्याची प्रथा आहे.

'मलिदा' हा शब्द मळणे, चोळणे या अर्थाच्या फारसी क्रियापदापासून आला. हैदराबादच्या घरांत तो वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. पोळी कुसकरून त्यात तूप आणि गूळ घातलेला मलिदा नियाजसाठी होतो, आणि तेलंगणातील बतुकम्माच्या सणातही तो असतो. कोकणात पोळीच्या जागी पोहे आले. शब्द शेजाऱ्यांचा, तांदूळ कोकणाचा आणि प्रार्थना हिब्रू. एक गोष्ट विशेष आहे. पुस्तके हरवलेल्या या समाजाजवळ शतकानुशतके धर्मज्ञान फारसे उरले नव्हते; शनिवारचा विश्राम, सुंता, अन्नाचे काही नियम आणि शमा ही एकेश्वराची साक्ष देणारी प्रार्थना एवढेच प्रामुख्याने राहिले होते. इतके थोडे शिल्लक राहिलेल्या समाजात आभार मानण्याचा विधी मात्र घरोघर रुजला.

तलमूदनुसार चार प्रकारच्या माणसांनी जाहीरपणे ईश्वराचे आभार मानणे आवश्यक आहे : समुद्रप्रवास करून आलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून बरा झालेला आणि कैदेतून सुटलेला. नवगावच्या किनाऱ्यावर वाचलेली चौदा माणसे यांतल्या पहिल्या प्रकारात येतात. चौथ्या प्रकाराचे उदाहरण मुंबईत दगडी इमारतीच्या रूपाने उभे आहे. ब्रिटिश कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल एझिकेल दिवेकर, ज्यांना सामाजी हसाजी दिवेकर असेही म्हणत, म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपू सुलतानच्या कैदेत पडले. हे कैदी बेने इस्राएल आहेत असे कळल्यावर, ज्यांचा कुरआनात उल्लेख आहे त्या लोकांना मारू नये अशी रदबदली टिपूच्या मातेने केली, असे समाजात परंपरेने सांगितले जाते. सुटून आल्यास प्रार्थनामंदिर बांधीन हा नवस दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पुरा केला. त्या मंदिराचे नाव 'शआर हारहमीम', दयेचे द्वार. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीदच' म्हणत आणि हे मंदिर 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले. जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. दिवेकरांच्या कथेत आभार ईश्वराचे आहेत, पण टिपूच्या मातेचे नाव त्यातून गाळलेले नाही. शत्रूच्या घरातील स्त्रीचा उपकार दोनशेहून अधिक वर्षे सांगत राहणे, यालाच चांगल्याची ओळख म्हणावयाचे.

एकोणिसाव्या शतकात पुस्तके परत मिळू लागली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. पेसहच्या रात्री वाचावयाची हग्गादा 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत स्त्रिया साड्या नेसून पेसहची भाकरी करताना दिसतात. या हग्गादात 'दयेनू' नावाचे एक प्राचीन पद आहे. मिसरमधून सुटका, समुद्र दुभंगणे, वाळवंटातील 40 वर्षांचा सांभाळ, मन्ना, शब्बाथ, सिनाई पर्वत अशी एकेक कृपा त्यात मोजली जाते आणि एवढीच झाली असती तरी पुरे होती असे प्रत्येकीबद्दल म्हटले जाते. हे पद गणना ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे. ज्या ज्या टप्प्यावर पूर्वज कुरकुरले होते, नेमके तेच टप्पे येथे आभाराच्या यादीत आले आहेत. समुद्रापाशी थडग्यांविषयी विचारले होते, मन्न्याला नाक मुरडले होते. वंशजांनी दरवर्षी ते सगळे थांबे पुन्हा घ्यायचे आणि तेव्हा राहिलेले बोलायचे.

त्याच हग्गादात गुलामीचे वर्णनही गाळलेले नाही. कडू पाला खावाच लागतो. 'पुरे होते' म्हणणारा माणूस चाबूक विसरलेला नसतो, आणि हे पुढे बेने इस्राएल समाजाला उपयोगी पडले.

1948 नंतर या समाजाचे बहुसंख्य लोक हळूहळू इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणावरच प्रश्न उभा राहिला. शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिल्याने त्यांचे विवाह आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका काही रब्बींना होती. 1961 मध्ये मुख्य रब्बी परिषदेने त्यांच्याशी विवाहाला परवानगी दिली, पण 1962 मध्ये एक निर्देश निघाला. विवाह नोंदवण्यापूर्वी बेने इस्राएल व्यक्तीच्या आईची, आजीची व त्यामागच्या पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी, असे त्यात म्हटले होते. समाजाचे नाव घेऊन संशय नोंदवला गेला. ज्या देशाने आश्रय दिला त्याच्याविरुद्ध कुरकुरू नये, असा सल्ला देणारे तेव्हा भेटले असतील तर नवल नाही. निर्वासितांना हा सल्ला सर्वत्र मिळतो. बेने इस्राएलांनी तो मानला नाही. 1964 च्या उन्हाळ्यात स्त्रिया आणि मुलांसह त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, उपोषण केले. ऑगस्ट 1964 मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने क्नेसेट या संसदेत हा विषय नेला. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असून त्यांना समान हक्क आहेत असे तेथे जाहीर झाले. त्यानंतर निर्देशातून समाजाचे नाव काढून टाकण्यात आले.

त्यांची मागणी कशी होती, हे येथे पाहण्यासारखे आहे. कोकणात बरे होते, असे म्हणून हे धरणे धरले गेले नव्हते. त्यांना धर्माच्या बंधनातून सवलत नको होती. इतर यहुद्यांप्रमाणेच विवाह व्हावेत एवढेच ते मागत होते. आमचे उणे का व्हावे, हाच त्यांचा प्रश्न होता. निर्देशाच्या नव्या शब्दरचनेत ज्या कोणाच्या वंशाविषयी शंका असेल त्याची चौकशी करण्याची मुभा उरली होती, त्यामुळे गाऱ्हाणे पूर्णपणे मिटले असे म्हणता येणार नाही. तरीही इस्रायलमधील मराठी घरांत लग्नाआधीचा मलिदा चालूच राहिला. तेथून कोकणात येणारी कुटुंबे अजूनही खंडाळ्याला जातात, पोहे भिजवतात, नारळ खोवतात आणि बोललेला नवस फेडून परततात.